मोहित्यांचं पावतीपुस्तक

मोहित्यांनी मला दिलेली पहिली पावती एक वाटी साखरेची होती. 'मिळाली: साखर, वाटी एक, सपाट भरून.' खाली तारीख, त्याखाली सही, सहीखाली 'भांडारपाल'. मी चंदीगडला बदलून येऊन चारच दिवस झाले होते. बावीस सेक्टरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये सामान अजून पोत्यांत होतं, आणि शेजारच्या दारातून एक सावळा, आखूड मानेचा, पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ चक्क मराठीत साखर मागायला आला म्हणून मला भरून आलं होतं. पावती हातात पडली आणि ते भरून येणं ओसरलं. मला वाटलं, गडी थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली, सपाट भरून, आणि मोहित्यांनी हात पुढे केला.

"पावती," ते म्हणाले.

ती मी कधीच फेकली होती. ते नुसते दारात उभे राहिले. शेवटी मी केराची टोपली उपडी केली.

आम्ही एकाच कचेरीत होतो. केंद्र सरकारची कचेरी, नाव सांगण्याजोगं काही नाही. मी आस्थापना शाखेत कारकून, मोहिते भांडार सांभाळायचे. टाचणीच्या डबीपासून लोखंडी कपाटापर्यंत काहीही त्यांच्या पावतीशिवाय आत येत नसे आणि बाहेर जात नसे. हे सगळ्याच भांडारपालांचं असतं म्हणा. पण बाकीचे पाच वाजता भांडाराला कुलूप लावून घरी जातात, मोहिते ते डोक्यात घेऊन घरी यायचे. वहिनींचं मंगळसूत्र गाठवायला नेलं तेव्हा त्यांनी बायकोलासुद्धा पावती दिली होती. वहिनी ही गोष्ट तक्रार म्हणून सांगायच्या. ती पावती त्यांनी देवघरात जपून ठेवली होती, हे मात्र सांगायच्या नाहीत.

मूळचे सांगली जिल्ह्यातले, वाळव्याकडचे. पंचवीस वर्षं नोकरीपायी देशभर हिंडूनही त्यांची मराठी तसूभर हलली नव्हती, आणि हिंदीही त्यांनी त्याच मराठीतून घडवली होती. 'मेरेकू', 'तुमकू', 'नग गिनके लेव'. 'नग' हा त्यांचा लाडका शब्द. माणसंसुद्धा ते नगावर मोजायचे. बावीस सेक्टरच्या बाजारातले सरदारजी दुकानदार ती हिंदी ऐकायला मिळावी म्हणून त्यांना उगाच बसवून घ्यायचे आणि खदखदून हसायचे. मोहिते रागवत नसत. सामान मोजून घ्यायचे, पावती मागायचे आणि उठायचे.

त्या काळातलं चंदीगड म्हणजे कोरं करकरीत शहर. रस्ते सरळ आणि पोरं वाकडी, असं आमचे एक साहेब म्हणायचे. प्रत्येक सेक्टरला आपला बाजार, आपली शाळा, आपली बाग, आणि आपली एक 'पार्टी'. पार्टी म्हणजे सोळा ते अठरा वर्षांच्या, शाळेतून गळलेल्या किंवा गळायच्या बेतात असलेल्या पोरांची टोळी. कुणाचा बाप पहिल्या सेक्टरातल्या सचिवालयात ड्रायव्हर, कुणाचा चपराशी, कुणाचं जवळच्या खरड गावात किराणा दुकान. पोरं कमरेला सायकलची चेन गुंडाळून हिंडत, खिशात बोटांत चढवायचा पितळी पंजा, एखाद्याकडे कमानीचा चाकू. आमच्या बावीसच्या पार्टीचं पलीकडच्या वीसच्या पार्टीशी हाडवैर होतं. सिनेमाच्या तिकिटाच्या रांगेत डोकी फुटत. गावातली पंधरा-वीस मराठी कुटुंबं संध्याकाळी मुलांना घरात ओढून घेत, आणि मी मूल नसूनही स्वतःलाच ओढून घेत असे. मी भित्रा आहे, आत्ताच सांगून टाकतो.

एकदा सकाळी आम्ही दोघं दुधाच्या रांगेत उभे होतो. समोरच दोन पार्ट्या जुंपल्या. कुणीतरी 'पुलिस' म्हणून ओरडलं, पोरं पांगली, आणि रस्त्यात एक चेन पडून राहिली. लोक तिला वळसा घालून जाऊ लागले. मोहित्यांनी ती उचलली, वर धरली आणि विचारलं, "ये किसका माल है?"

कोण सांगणार? मोहित्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं. ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. 'मिळाली: सायकल चेन, नग एक.' पावती फाडून दूधवाल्याला दिली. "जो पूछेगा उसकू देना. मेरा क्वार्टर दिखाना." चेन दुधाच्या पिशवीत घातली आणि ते घरी चालते झाले. मी मागून दहा पावलं अंतर ठेवून चाललो, जणू आमची ओळख नव्हती.

तिसऱ्या दिवशी पावती घेऊन एक पोरगा त्यांच्या दारात उभा राहिला. उंच, दाढीची नुकती लव, हाताच्या बोटांवर जुने वण. कुलविंदर त्याचं नाव, पण सगळे किंदा म्हणत. बावीसच्या पार्टीचा म्होरक्या. मी खिडकीतून बघत होतो. मोहित्यांनी पावती ताडून पाहिली, चेन वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि पुस्तक पुढे केलं.

"साइन करो."

"किस लिए?"

"माल मिला, इसके लिए. इधर नाम, इधर बाप का नाम."

किंदा चेनकडे बघत राहिला, मग पुस्तकाकडे. चेनीशेजारी स्वतःचं नाव लिहून द्यायचं म्हणजे काय, ते त्याला चांगलं कळत होतं. "रहने दो, अंकल," तो म्हणाला. "आपके पास ही रहने दो."

मोहित्यांना वाटलं, पोराला लिहायचा आळस आहे.

पण किंदा पुन्हा पुन्हा येऊ लागला. चेन जागेवर आहे ना, हे बघायला. एकदा आला तेव्हा वहिनी अंगणात बसून चेनीला खोबरेल लावत होत्या. तो बघतच राहिला.

"दुसऱ्याची वस्तू हाय," वहिनींनी मला मराठीत सांगितलं, त्याला कळावं म्हणून थोडं मोठ्यानं. "गंजली तर काय सांगनार त्यास्नी?" त्याला अर्थातच कळलं नाही. मी हिंदीत सांगितलं. किंदा उंबऱ्यावर टेकला आणि वहिनींनी त्याला गूळ-शेंगदाणे दिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की हे पोरगं फक्त सतरा वर्षांचं आहे.

मोहिते तरुणपणी खो-खो खेळलेले. तालुक्याच्या संघात होते, असं वहिनी सांगायच्या. ते स्वतः फक्त "बसायचो" म्हणायचे. बावीस आणि वीसच्या मध्ये एका शाळेमागचं मोकळं मैदान होतं. दोन खुंट पुरून, चुन्यानं पाटी आखून ते तिथं आजूबाजूच्या लहान पोरांना खेळवत. किंदा तिथं येऊन उभा राहायचा. एकदा म्हणाला, "उस्तादजी, ये लड़कियों वाला खेल छोड़ो. हॉकी खिलाओ. पंद्रह लड़के मैं लाता हूँ."

मोहित्यांचं उत्तर मला अजून शब्दशः आठवतं. "जिस खेल में हाथ में कुछ पकड़ना पड़ता है, वो तुम्हारे वास्ते नई. तुम खाली हाथ का खेल खेलो."

आणि लगेच पुढची अट. "जेब बी खाली. बैठने में चुभता है."

किंदा चार पोरं घेऊन आला. कमरेच्या चेनी, पंजे, चाकू काढून ठेवायचे तर कुठं? मोहित्यांकडे. आणि मोहित्यांकडे ठेवायचे तर पावती. एवढा सरळ हिशोब होता. मोहिते पुस्तक घेऊन खुंटाशी उभे राहत आणि एकेकाचा माल उतरवून घेत. 'चाकू, कमानीचा, मूठ काळी, धार बोथट.' धार बोथट लिहिल्यावर पोरगं चिडायचं आणि बाकीचे हसायचे. खेळ संपला की पावती देऊन माल परत. पहिली सही किंद्यानं केली, नावासकट, बापाच्या नावासकट. त्यानं केल्यावर बाकीच्यांनीही केली. हा माणूस लिहिल्याबाहेर काही करत नाही, एवढं त्यांना तोवर कळून चुकलं होतं.

नऊ गडी मात्र भरेनात. तेवढ्यात वीसची पार्टी मैदानावर दगड मारायला आली. मोहिते सरळ त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "मेरेकू चार नग कम पड़ते." का कोण जाणे, चौघं आले. त्यांचा म्होरक्या सतपाल. बुटका, रुंद, आणि वाऱ्यासारखा पळणारा.

खो-खो आपल्याला सांगायला नको. पाटीवर आठ जण उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. मोहित्यांनी एक बावीसचा, एक वीसचा, असे बसवले, पळायला ती लहान पोरं. आणि इथं अडलं. दोन हिवाळ्यांपूर्वी सतपालच्या पाठीमागून येऊन कुणीतरी हॉकी स्टिकनं त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं. तो कोण, हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. सतपाल किंद्याकडे बोट करून म्हणाला, "मैं इसकी तरफ़ पीठ करके नहीं बैठूँगा."

आता दुसरा कुणी असता तर त्यानं दोघांना जवळ घेऊन भाषण दिलं असतं. मी तर दिलंच असतं. मोहित्यांनी सतपालची जागा रिकामी ठेवली. तिथं कुणाला बसू दिलं नाही. सतपाल रोज येई, खिसे रिकामे करी, पावती घेई आणि खुंटाला टेकून उभा राही. असे अकरा दिवस गेले. खो त्या रिकाम्या चौकोनापाशी येऊन अडकायचा, गडी निसटायचे, पोरं वैतागायची. मोहिते फक्त म्हणायचे, "एक नग कम है. चलने दो."

बाराव्या दिवशी सतपाल आपल्या चौकोनात जाऊन बसला. खेळ सुरू झाला. किंदा धावत त्याच्यामागे आला आणि मी अक्षरशः डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा किंद्यानं दोन बोटं सतपालच्या पाठीला लावली होती, तवा तापलाय का हे बघताना लावतात तशी, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला होता.

मोहित्यांनी शिट्टी फुंकली. "खो सुना किसीने? मैंने नई सुना. फिरसे."

पुन्हा. पुन्हा शिट्टी. "अभी बी नई." वीस वेळा तरी करवून घेतलं असेल. शेवटी किंदा बोंबललाच, आणि सतपाल उठून असा सुटला की समोरचा गडी चार ढांगांत बाद. पोरं आरडाओरडा करू लागली. किंदा आणि सतपाल एकमेकांकडे न बघता आपापल्या जागी जाऊन बसले. मोहिते चुन्याची पाटी ठीकठाक करत होते. चेहऱ्यावर काही नाही. मी मात्र घरी येऊन वहिनींना ही गोष्ट तीनदा सांगितली.

मोहित्यांच्या प्रामाणिकपणाचा लोकांना त्रासही फार व्हायचा. एकदा एक पोरगा खेळ संपल्यावर चाकू न घेताच घरी गेला. दुसऱ्याची वस्तू रात्रभर आपल्याकडे कशी ठेवायची? मोहिते पत्ता काढून त्याच्या घरी गेले, मला बरोबर घेऊन. बापानं दार उघडलं. तो सचिवालयातला ड्रायव्हर, अजून खाकी कपड्यांत. मोहित्यांनी पुडकं पुढे केलं. "आपके लड़के का चाकू हमारे पास रह गया था. देख लेव, बराबर है ना."

तो माणूस चाकू हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होता. ओरडला नाही, पोराला हाकही मारली नाही. आम्हाला आत बोलावून पाणी दिलं आणि सावकाश विचारलं, "जी, ये कब से रखता है?" मोहिते म्हणाले, "मेरे पास तो मंगलवार से लिख्या है." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते पोरगं मैदानावर आलं तेव्हा डोळे सुजलेले होते. बापानं मारलं नव्हतं, त्याच्यासमोर बसून रडला होता. पोरगा म्हणाला, "उस्तादजी, घर मत लाया करो. आप ही रखो." त्याच्यामागून हळूहळू बाकीच्यांनीही तेच सांगितलं. आता कुणाला माल विसरायचीही सोय राहिली नव्हती, कारण विसरला की मोहिते दारात. अशा रीतीनं वर्षभरात चौदा पोरांचे एकोणीस नग वहिनींच्या गव्हाच्या कोठीत जाऊन बसले. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, प्रत्येकाला तेल लावलेलं. सिनेमाच्या रांगेतली भांडणं कमी झाली होती. थंडीत अंधार लवकर पडे, म्हणून तेव्हा फक्त रविवारी खेळ, आणि रविवारी ही पोरं कडाक्याच्या धुक्यात मोहित्यांच्या आधी येऊन चुना टाकून ठेवत. गावातले मराठी लोक म्हणत, मोहिते मराठी माणसाचं नाव घालवणार. मीही मान हलवायचो. मान हलवायला माझं काय जात होतं?

पुढच्या सप्टेंबरात जे व्हायचं होतं ते झालं. बसस्टँडवर कुणा भलत्याच टोळीची मारामारी झाली. पोलिसांनी जवळपासच्या पोरांची झडती घेतली, त्यात आमचा एक सापडला. खिशात काहीच नव्हतं, फक्त एक पावती. 'मिळाला: पितळी पंजा, नग एक.' खाली सही, आणि सवयीप्रमाणे सहीखाली 'भांडारपाल'.

ठाणेदार स्वतः कचेरीत आले. धिप्पाड, शांत बोलणारे सरदारजी. भांडारात स्टुलावर बसले, पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मोहिते साहब, इतने साल की नौकरी में ऐसी रसीद नहीं देखी. सरकारी स्टोरकीपर बदमाशों के हथियार जमा करता है, और ऊपर से साइन करता है."

मोहित्यांनी सगळं सांगितलं. कोठी, नग, पुस्तक, काही लपवलं नाही. ठाणेदारांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आदमी आप शरीफ़ हो. माल दे दो, किताब दे दो. किताब में नाम हैं, मेरे पास पुराने केस हैं. आप घर बैठो, आगे मैं जानूँ और लड़के जानें."

"माल मेरा नई है," मोहिते म्हणाले. "जिसका है उसकू पूछे बगैर कैसा देऊँ?"

"तो फिर कल शाम छह बजे मैं आऊँगा, और आपके दफ़्तर को भी लिखूँगा. नौकरी जाएगी, मोहिते साहब. पेंशन भी."

मोहित्यांचा मुलगा इस्लामपूरला आजीकडे राहून कॉलेजात शिकत होता. गावाकडं जमीन नावाला होती. घरी आल्यावर मी त्यांना कळवळून सांगितलं, पुस्तक चुलीत घाला आणि नग पोत्यात भरून शहराबाहेरच्या ओढ्यात टाका, मी पोत्याचं एक टोक धरतो. एवढं धाडस मी आयुष्यात पहिल्यांदाच दाखवत होतो.

"पाटणकर, दुसऱ्याचा माल हाय," ते म्हणाले. "फेकायला माझा हाय का?"

"मग नावं द्या."

 वहिनी कोठीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नोकरी गेली तर जाऊ गावाकडं. पर तुमी नावं दिली, तर ही पोरं पुन्यांदा कुनाला आपलं नाव सांगनार न्हाईत."

मोहित्यांनी मान डोलावली. तेवढ्यात त्यांचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली. तीन वाजता चौदाच्या चौदा पोरं त्यांच्या अंगणात उभी होती. मोहित्यांनी सांगितलं, "ठाणेदार आने वाला है. उसके पैले भांडार खाली करना है. अपना अपना माल लेव, नग गिनके. किताब मैं जलाने वाला नई, और देने वाला बी नई. मेरा जो होगा सो होगा."

 एकेक पुढे आला. पावती दिली, सही केली, चिठ्ठी सोडून आपली वस्तू घेतली. किंदा शेवटी आला. त्याच्या चेनीवर 'नग क्र. १' लिहिलेलं होतं. ती हातात घेऊन त्यानं वहिनींना विचारलं, "आंटीजी, तेल लगाया था?" वहिनींनी मान डोलावली. 

पोरं गेली. कोठी रिकामी झाली. आणि मला एकदम कळलं की मोहित्यांनी काय केलंय. दीड वर्षं खपून ज्या पोरांचे हात रिकामे केले, त्यांच्या हातात त्यांनी एकोणीस हत्यारं एकाच दुपारी परत दिली होती. नोकरी तर जाणारच होती. आता पोरंही गेली होती. मी तसं बोललोही. मोहित्यांनी ऐकलं आणि शिट्टी गळ्यात अडकवली. "पाच वाजले. मैदानावर जायला पायजे."

मैदानावर कुणी नव्हतं. त्यांनी चुना आखला, संपूर्ण पाटी, आठही चौकोन. मग खुंटाशी उभे राहिले. मी शाळेच्या पायरीवर बसलो होतो. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. माणूस एवढा एकटा दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं. एकदाच ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आज एकबी नग यायचा न्हाई वाटतं." आवाज साधाच होता. मला त्यांच्या आवाजाचीच भीती वाटली.

तेवढ्यात एक हवालदार सायकल दामटत आला. "मोहिते साहब कौन? थाने चलो. आपके लड़के बैठे हैं, उठते नहीं."

आम्ही धावतच गेलो. ठाण्याच्या अंगणात पोरं उकिडवी बसली होती. ठाण्यात आलेल्याला तसंच बसवतात, त्यात नवल नाही. पण ही बसली होती एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे, एक बावीसचा, एक वीसचा. प्रत्येकाच्या पुढ्यात त्याची वस्तू. ठाणेदार कमरेवर हात ठेवून उभे होते.

"ये देखो," ते मोहित्यांना म्हणाले. "खुद चलके आए. नाम बताया, बाप का नाम बताया, माल सामने रखा. अब कहते हैं रसीद दो. मैंने कहा, ओये, थाने में रपट लिखी जाती है, रसीद नहीं."

सतपाल बसल्या जागेवरून म्हणाला, "जी, बिना रसीद के हम माल नहीं देते."

"और उस्तादजी की किताब का क्या?" ठाणेदारांनी किंद्याला विचारलं.

"उसकी अब आपको क्या ज़रूरत," किंदा म्हणाला. "नाम तो हमने दे दिए."

मोहिते फाटकात थांबले होते. मग आत गेले आणि ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून नग मोजत गेले. "उन्नीस. बराबर है," ते म्हणाले, आणि तिथंच, पोलिसांदेखत, त्यांना रडू कोसळलं. पोरं मान खाली घालून बसून राहिली. ठाणेदारांनी आत जाऊन कागद आणला आणि उभ्या उभ्या लिहिला. त्यांनी तो ठाण्याच्या शिक्क्यासकट दिला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. बापांना बोलावून हमी लिहून घेतल्या आणि बहुतेक पोरं सुटली. किंद्यावर जुनं प्रकरण होतं, एका माणसाचा हात मोडल्याचं. ते त्यानं त्याच दिवशी कबूल केलं होतं, कुणी विचारायच्या आधी. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. मोहिते दर महिन्याला भेटायला जात. कचेरीनं मोहित्यांकडून खुलासा मागवला, 'पदनामाचा गैरवापर' असा ठपका ठेवला, पण नोकरी राहिली. ठाणेदारांनी कचेरीला लिहिलेलं पत्र माझ्याच शाखेत आलं होतं. त्यात त्यांनी मोहित्यांबद्दल जे लिहिलं होतं ते वाचून आमच्या साहेबांना काही कडक करताच येईना. शेवटी त्यांनी साहेब लोक करतात ते केलं, बदली केली. जोधपूरला.

बदलीची तारीख मार्चमधली आली. किंदा त्याच्या आठच दिवस आधी सुटला होता. पोरांना मोहित्यांनी मंगळवारची गाडी सांगितली. तिकिटं रविवारची होती. त्यांनी सांगितलेलं मला माहीत असलेलं हे एकच खोटं. मी कारण विचारलं तर म्हणाले, रविवारी तेवीस सेक्टरची नवी पोरं पहिल्यांदा बसायची आहेत, आपल्यापायी तो दिवस मोडायला नको.

दोन रिक्षा केल्या. पुढच्या रिक्षात वहिनी आणि ट्रंका, मागच्यात मोहिते आणि मी. मैदानाशी आल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. लिंबाच्या झाडाखाली आम्ही थांबलो. पाटीवर सगळी नवी तोंडं बसली होती, चौदा-पंधरा वर्षांची, घाबरट आणि मग्रूर, त्यांच्यामध्ये एक सोडून एक आमची जुनी. सतपाल शिट्टी घेऊन उभा होता. निळा पटका बांधलेला किंदा पाठलाग करत होता, जेलनं वाळवलेला, पण पाय तेच. समोर एक नवं पोरगं जीव खाऊन पळत होतं आणि हसत होतं.

"हाक मारू?" मी विचारलं. 

"नको," मोहिते म्हणाले. "डाव चालू हाय."

ते बघत राहिले. दोन गडी बाद झाले, तिसरा काही सापडेना. रिक्षावाला म्हणाला, बाबूजी, गाडी चुकेल. मोहिते सरळ बसले, हात मांडीवर ठेवले, आणि रिक्षा हलली तशी पुन्हा मैदानाकडे त्यांनी मान वळवली नाही. मी मात्र वळून बघत राहिलो, वळण येईपर्यंत. त्या सगळ्या पोरांपैकी एकाचंही आमच्याकडे लक्ष नव्हतं. इतकं बरं आणि इतकं वाईट मला एकाच वेळी पुन्हा कधी वाटलं नाही.